पेन ड्राइव्ह ओळखला जातो, पण वाचला जात नाही: स्टोरेज ड्रायव्हरमधील सी स्ट्रक्चरचा दोष कसा शोधावा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत कंट्रोल पॅनल, ऊर्जामापक आणि तापमान नोंदवणारी यंत्रे तयार करणारे अनेक लहान उद्योग आहेत. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यातील द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंगच्या खोल्यांवर असेच डेटा लॉगर बसवलेले असतात. यांतल्या पुष्कळ यंत्रांना यूएसबी पोर्ट असते आणि साठवलेल्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय असते. ती सोय पुरवणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला पेन ड्राइव्हशी बोलायला लावणारा प्रोग्राम, बहुधा सी भाषेत आणि बहुधा एकाच माणसाने लिहिलेला असतो. हंगामाच्या ऐन भरात हे उतरवणे बंद पडले की आधी पेन ड्राइव्ह बदलला जातो, मग केबल, मग पोर्ट, आणि शेवटी जनरेटरच्या नावाने खडे फोडले जातात. अशा तक्रारींवर मी बरेच काम केले आहे. पेन ड्राइव्ह ओळखला जात असूनही वाचन चुकत असेल, तर मूळ दोष बहुतेक वेळा सी स्ट्रक्चरच्या, म्हणजे अनेक फील्ड (मूल्ये) एकत्र बांधणाऱ्या सी भाषेतील रचनेच्या, मांडणीत सापडतो, आणि तो शोधायला सुरुवातीला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

खालील विवेचन मुख्यतः यूएसबी मास स्टोरेजच्या बल्क-ओन्ली पद्धतीविषयी आहे, कारण लहान मायक्रोकंट्रोलरवर तीच वापरली जाते. या पद्धतीत प्रत्येक आज्ञा ३१ बाइटच्या कमांड ब्लॉक रॅपरमधून जाते, त्यानंतर डेटा येतो किंवा जातो, आणि शेवटी उपकरण १३ बाइटचे कमांड स्टेटस रॅपर परत पाठवते. यापुढे या दोहोंना सीबीडब्ल्यू आणि सीएसडब्ल्यू म्हणू. सीबीडब्ल्यूच्या शेवटच्या १६ बाइटांत स्कझीची, म्हणजे साठवणुकीच्या उपकरणांना आज्ञा देण्याच्या मानकाची, आज्ञा बसवलेली असते.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अधिक लक्षणे दिसत असतील, तर हे लिखाण आपल्या उपयोगाचे आहे.

- पेन ड्राइव्हचे डिस्क्रिप्टर (त्याची ओळख सांगणारी माहिती) नीट वाचले जातात, पण पहिल्याच आज्ञेनंतर उपकरण स्टॉल देते, म्हणजे व्यवहार नाकारून अडते. काही पेन ड्राइव्ह चालतात आणि काही चालत नाहीत.
- ब्लॉकचा (साठवणुकीच्या एककाचा) आकार ५१२ बाइटऐवजी १३१०७२ दिसतो, आणि एकूण क्षमतेचा आकडा त्यामुळे अशक्यप्राय येतो.
- शून्य क्रमांकाचा सेक्टर (म्हणजे ब्लॉक) बिनचूक वाचला जातो, त्याच्या शेवटची ५५ एए ही खूणही दिसते, पण त्यापुढचा कोणताही सेक्टर चुकीचा येतो.
- ८ जीबीचा पेन ड्राइव्ह त्रुटी देतो, तर त्याच ड्रायव्हरवर १६ जीबीचा पेन ड्राइव्ह त्रुटी न देता निरर्थक डेटा देतो.
- स्क्रीनवर उत्पादकाच्या नावाला उत्पादनाचे नाव आणि आवृत्ती चिकटून एकच लांबलचक ओळ उमटते.
- डीबगरमध्ये पायरीपायरीने चालवल्यास सर्व ठीक असते. ऑप्टिमायझेशन लावून थेट चालवल्यास बिघडते.
- एका चिपवर वर्षानुवर्षे चाललेला कोड स्वस्त चिपवर नेताच हार्डफॉल्ट होतो, म्हणजे प्रोसेसर दोष नोंदवून थांबतो.
- स्टोरेजशी काहीही संबंध नसलेली एखादी हेडर फाइल जोडल्यावर ड्रायव्हर बंद पडतो.

पेन ड्राइव्ह लावल्यावर डिस्क्रिप्टरच वाचले जात नसतील, तर मात्र स्ट्रक्चरच्या मागे लागू नये. तिथे पोर्टवरचा ५ व्होल्टचा पुरवठा, केबल आणि क्रिस्टलची वारंवारता आधी पाहावी, कारण अजून आपल्या स्टोरेज स्ट्रक्चरचा एकही बाइट तारेवर गेलेला नसतो.

एक सूचना सर्व तपासण्यांच्या आधीच पाळावी. दोष सापडेपर्यंत ड्रायव्हरमधील लेखनाची आज्ञा बंद ठेवावी आणि रिकाम्या पेन ड्राइव्हवरच काम करावे. याचे कारण दुसऱ्या तपासणीत स्पष्ट होईल.

पहिली तपासणी: आकार

ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे, कारण तिला यंत्रसुद्धा लागत नाही. सीबीडब्ल्यूच्या स्ट्रक्चरखाली स्टॅटिक असर्टची एक ओळ लिहावी, जी सांगेल की या स्ट्रक्चरचा साइझऑफ (बाइटांतील आकार) ३१ असलाच पाहिजे, सीएसडब्ल्यूसाठी १३. ही सोय सी भाषेच्या २०११ च्या मानकापासून अधिकृतपणे उपलब्ध आहे. अट मोडली तर कंपाइल होतानाच काम थांबते.

आकार चुकण्याचे कारण असे की सी भाषेचे मानक फील्डचा क्रम पाळण्याची हमी देते, पण दोन फील्डच्या मध्ये आणि शेवटच्या फील्डनंतर रिकामे बाइट घालण्याची मुभा कंपायलरला देते. सीबीडब्ल्यूमध्ये सुरुवातीला सही, टॅग आणि डेटाची लांबी अशी चार-चार बाइटांची तीन फील्ड आहेत, नंतर फ्लॅग, लुन (उपकरणातील तार्किक विभागाचा क्रमांक) आणि आज्ञेची लांबी असे तीन सुटे बाइट, आणि मग आज्ञेचे १६ बाइट. यांची बेरीज ३१ होते. परंतु चार बाइटांची फील्ड असल्यामुळे कंपायलर पूर्ण स्ट्रक्चर चारच्या पटीत नेतो आणि शेवटी एक बाइट वाढवून ३२ करतो. पाठवताना साइझऑफ वापरला की ३२ बाइट तारेवर जातात. स्पेसिफिकेशनप्रमाणे ३१ बाइट नसलेले सीबीडब्ल्यू वैध नसते, म्हणून काटेकोर उपकरण स्टॉल देते. लांबी न तपासणारे उपकरण मात्र ते स्वीकारते. ‘काही पेन ड्राइव्ह चालतात, काही नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते, आणि त्यात पेन ड्राइव्हच्या उत्पादकाचा काहीच दोष नसतो.

सीएसडब्ल्यू तेरावरून सोळावर जाते. तिथे दोष अधिक दडलेला असतो, कारण १६ बाइट मागितले तरी उपकरण १३ देऊन थांबते आणि ते लघु पॅकेट म्हणून स्वीकारले जाते. मिळालेली लांबी साइझऑफशी ताडून पाहणाऱ्या कोडमध्येच तो उघड होतो.

उपाय दोन आहेत. स्ट्रक्चरला पॅक्ड हे विशेषण लावावे, म्हणजे कंपायलर रिकामे बाइट घालत नाही, किंवा पाठवण्याची लांबी साइझऑफने न काढता ३१ आणि १३ असे स्थिरांक वापरावेत. लिनक्सच्या यूएसबी स्टोरेज ड्रायव्हरने दुसरा मार्ग घेतला आहे: त्यातील सीबीडब्ल्यूचे स्ट्रक्चर पॅक्ड नाही, पण लांबीसाठी ३१ हा स्वतंत्र स्थिरांक आहे.

दुसरी तपासणी: आज्ञेच्या आतील ऑफसेट

आकार बरोबर आला म्हणून निश्चिंत होऊ नये. सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष इथे, ऑफसेटमध्ये म्हणजे फील्ड सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे त्यात, असतो.

दहा बाइटांच्या वाचन आज्ञेची मांडणी अशी आहे: बाइट ० मध्ये आज्ञेचा क्रमांक हेक्स (सोळा-आधारी) २८, बाइट १ मध्ये काही फ्लॅग, बाइट २ ते ५ मध्ये ब्लॉकचा पत्ता, बाइट ६ मध्ये गट क्रमांक, बाइट ७ आणि ८ मध्ये ब्लॉकची संख्या, आणि बाइट ९ मध्ये कंट्रोल. पत्ता दुसऱ्या बाइटपासून सुरू होतो, म्हणजे चारच्या पटीत नाही. हे जसेच्या तसे स्ट्रक्चरमध्ये लिहिले आणि पत्त्यासाठी ३२ बिटांचा पूर्णांक वापरला, तर कंपायलर पत्त्याआधी दोन बाइट घालतो, ब्लॉकसंख्येआधी एक घालतो आणि शेवटी तीन. एकूण आकार होतो १६. सीबीडब्ल्यूमध्ये आज्ञेसाठी राखलेली जागाही १६ बाइटांचीच आहे! त्यामुळे आज्ञेची प्रत करताना कसलाही इशारा मिळत नाही, सीबीडब्ल्यूचा आकार ३१ च राहतो, आणि पहिली तपासणी उत्तीर्ण होते.

उपकरणाला काय दिसते ते पाहा. पत्त्याच्या जागी त्याला दोन रिकामे बाइट आणि खऱ्या पत्त्याचे वरचे दोन बाइट मिळतात. स्ट्रक्चर आधी शून्याने भरलेले असेल, तर ६५५३६ पेक्षा लहान असलेला प्रत्येक पत्ता उपकरणाला शून्यच वाटतो. ब्लॉकच्या संख्येच्या जागी खऱ्या पत्त्याचा शेवटचा बाइट जाऊन बसतो. म्हणून २०४८ क्रमांकाचा सेक्टर मागितला की उपकरणाला ‘शून्यापासून शून्य ब्लॉक वाच’ अशी आज्ञा मिळते आणि ते काहीच देत नाही. १ क्रमांकाचा सेक्टर मागितला की ‘शून्यापासून २५६ ब्लॉक वाच’ अशी आज्ञा मिळते, ५१२ बाइटांच्या घोषित लांबीशी ती जुळत नाही, आणि सीएसडब्ल्यूमध्ये फेज एरर म्हणजे स्थिती २ येते. हाच दोष लेखनाच्या आज्ञेत असेल तर आपला डेटा शून्य क्रमांकाच्या सेक्टरवर, म्हणजे विभाजनांच्या तक्त्यावर, लिहिला जाऊ शकतो. लेखन बंद ठेवण्याची सूचना मी एवढ्या आग्रहाने करतो ती यासाठी.

तपासण्याची रीत सोपी आहे. ऑफसेटऑफ वापरून पत्त्याचा ऑफसेट २, संख्येचा ७ आणि आज्ञेचा एकूण आकार १० आहे, अशी तीन स्टॅटिक असर्टची विधाने लिहावीत. लिनक्सवर काम करणाऱ्यांना पाहोल हे विनामूल्य साधन प्रत्येक स्ट्रक्चरमधील पोकळ्या आकड्यांसह दाखवते. डीबग माहितीसह कंपाइल केलेली फाइल त्याला दिली की पुरते.

तिसरी तपासणी: प्रकल्पाच्या सेटिंग आणि हेडर फाइल

एखाद्या हेडर फाइलमध्ये प्रॅग्मा पॅकने मांडणी घट्ट, म्हणजे रिकाम्या बाइटांशिवाय, केलेली असते, पण शेवटी ती पूर्ववत करणारी ओळ राहून गेलेली असते. त्यानंतर समाविष्ट होणाऱ्या प्रत्येक हेडरमधील स्ट्रक्चर आपोआप घट्ट होते. एकाच स्ट्रक्चरचा आकार एका सी फाइलमध्ये एक आणि दुसऱ्या फाइलमध्ये दुसरा येतो, केवळ हेडरचा क्रम वेगळा असल्यामुळे. लिंकर हे पकडत नाही. म्हणून स्टॅटिक असर्ट एका सी फाइलमध्ये न लिहिता स्ट्रक्चरच्या शेजारी, त्याच हेडरमध्ये लिहावे, म्हणजे ते हेडर जिथे जिथे येईल तिथे ते पडताळले जाईल.

इथेच प्रकारांकडेही नजर टाकावी. अनसाइन्ड लाँग ३२ बिटांच्या प्रणालीवर चार बाइटांचा आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटांचा असतो, त्यामुळे तारेवरच्या स्ट्रक्चरमध्ये त्याला स्थान नाही. इनम (नावे दिलेल्या स्थिरांकांचा प्रकार) हाही टाळावा: ऑपरेटिंग प्रणाली नसलेल्या आर्म चिपसाठीचा जीसीसी हा कंपायलर इनमला मावेल तेवढा लहान करतो, तर लिनक्ससाठीचा जीसीसी त्याला चार बाइट देतो. आठ, सोळा, बत्तीस असे निश्चित रुंदीचे प्रकारच वापरावेत.

चौथी तपासणी: बाइटांचा क्रम

सीबीडब्ल्यूची स्वतःची फील्ड लिटल एंडियन आहेत, म्हणजे लहान वजनाचा बाइट आधी. पण त्याच्या पोटातील स्कझीची आज्ञा बिग एंडियन आहे, म्हणजे मोठ्या वजनाचा बाइट आधी. एकाच ३१ बाइटांत दोन उलट क्रम नांदतात. यूएसबी आणि स्कझी ही मानके वेगवेगळ्या परंपरांतून आली आणि बल्क-ओन्ली पद्धतीने १९९९ साली स्कझीची आज्ञा उघडून न पाहता जशीच्या तशी वाहून न्यायचे ठरवले, त्याचा हा परिणाम आहे. आर्मचे मायक्रोकंट्रोलर व्यवहारात लिटल एंडियन चालवले जातात, त्यामुळे बाहेरची फील्ड रूपांतराशिवायही बरोबर जातात. लिहिणाऱ्याला वाटते की क्रमाचा प्रश्न आपल्याला नाहीच, आणि आतला पत्ताही तो तसाच ठेवून देतो.

खात्री करण्यासाठी क्षमता विचारणारी आज्ञा, हेक्स २५, पाठवावी. ती आठ बाइट परत देते: शेवटच्या ब्लॉकचा पत्ता आणि ब्लॉकचा आकार, दोन्ही बिग एंडियन. आकाराचे बाइट ०० ०० ०२ ०० असे येतात. उलटे वाचले की ते १३१०७२ होतात. ४०९६ चा ब्लॉक असलेल्या उपकरणावर हाच दोष १०४८५७६ हा आकडा दाखवतो. यांपैकी एखादा आकडा दिसला की दुसरे काही शोधू नये.

पाठवण्याच्या दिशेने हा दोष जास्त फसवा असतो. शून्य हा पत्ता दोन्ही क्रमांनी शून्यच राहतो, म्हणून पहिला सेक्टर नेहमी बरोबर येतो आणि ड्रायव्हर चालतो असा समज होतो. १ हा पत्ता उलटून १६७७७२१६ होतो, आणि त्याला ५१२ ने गुणले की ८५८९९३४५९२ बाइट, म्हणजे नेमके ८ गिबिबाइट. ८ जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो पत्ता मर्यादेबाहेर असल्याची त्रुटी देतो. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये त्या जागी खरोखरच एक सेक्टर असतो आणि तो निमूटपणे परत दिला जातो. मोठा पेन ड्राइव्ह ‘चालतो’ म्हणून लहान पेन ड्राइव्ह फेकून देण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

टॅगवरून मात्र क्रमाची परीक्षा करता येत नाही. उपकरण आपला टॅग जसाच्या तसा परत पाठवते, त्यामुळे तो उलटा लिहिला असला तरी उलटाच वाचला जाऊन जुळतो.

या सर्व प्रश्नांवर माझा ठाम सल्ला एकच आहे: तारेवरच्या स्ट्रक्चरमध्ये एकाहून अधिक बाइटांचे फील्ड पूर्णांक म्हणून लिहूच नये. पत्त्यासाठी चार बाइटांची अ‍ॅरे, संख्येसाठी दोन बाइटांची अ‍ॅरे ठेवावी, आणि त्यांत मूल्य भरण्यासाठी व काढण्यासाठी शिफ्ट वापरणारी चार-पाच लहान फंक्शन लिहावीत, ज्यांच्या नावातच क्रम आणि रुंदी असेल. बाइटांच्या अ‍ॅरेला अलाइनमेंटची, म्हणजे ठरावीक पटीतल्या पत्त्यावर बसण्याची, गरज नसते, म्हणून पॅडिंग (रिकामे बाइट) येत नाही; क्रम फंक्शनमध्ये ठरतो, म्हणून प्रोसेसर कोणताही असला तरी फरक पडत नाही. पॅक्ड हे विशेषणही मग लागत नाही. कोड थोडा लांबतो, पण दुसरी, चौथी आणि सातवी या तिन्ही तपासण्यांची गरज पुढच्या प्रकल्पात उरत नाही. लिनक्सच्या कर्नलवर लिहिणाऱ्यांसाठी लिटल आणि बिग एंडियनचे स्वतंत्र प्रकार आहेत, आणि स्पार्स हे साधन त्यांची सरमिसळ पकडते. तिथे तेच वापरावेत.

पाचवी तपासणी: बिटफील्ड आणि मजकूर

बिटफील्ड, म्हणजे मोजक्या बिटांचे फील्ड, कोणत्या टोकापासून भरायचे हे सी भाषेने कंपायलरवर सोपवले आहे. ओळख विचारणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात बाइट ० चे खालचे पाच बिट उपकरणाचा प्रकार सांगतात आणि वरचे तीन बिट जोडणीची स्थिती. बाइट १ चा सर्वांत वरचा बिट माध्यम काढता येण्याजोगे आहे का ते सांगतो. स्पेसिफिकेशनमधील तक्त्यात सातवा बिट डावीकडे छापलेला असतो, म्हणून लोक डावीकडून उजवीकडे फील्ड लिहीत जातात, आणि जीसीसी लिटल एंडियन प्रोसेसरवर खालच्या बिटापासून भरतो. मास्क आणि शिफ्ट वापरावेत, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

त्याच उत्तरात उत्पादकाचे नाव बाइट ८ पासून आठ बाइट, उत्पादनाचे नाव १६ पासून सोळा बाइट आणि आवृत्ती ३२ पासून चार बाइट असते. उरलेली जागा स्पेसने भरलेली असते. शेवटी शून्य बाइट नसतो. सीच्या नेहमीच्या स्ट्रिंगप्रमाणे छापल्यास तिन्ही नावे चिकटून येतात आणि पुढे मेमरीत जे असेल तेही छापले जाते. कमाल लांबी देऊनच छापावे.

सहावी तपासणी: बाइट समोरासमोर ठेवून पाहणे

इथवर दोष सापडला नसेल, तर पाठवण्याच्या अगदी आधी सीबीडब्ल्यूचे ३१ बाइट सीरियल पोर्टवर छापून घ्यावेत. २०४८ क्रमांकाचा एक सेक्टर मागणारी बिनचूक आज्ञा, टॅग १ धरून, अशी दिसते:

५५ ५३ ४२ ४३ / ०१ ०० ०० ०० / ०० ०२ ०० ०० / ८० ०० ०ए / २८ ०० ०० ०० ०८ ०० ०० ०० ०१ ०० / ०० ०० ०० ०० ०० ००

पहिले चार बाइट सही, नंतर टॅग, मग ५१२ ही लांबी लिटल एंडियन क्रमाने. ८० म्हणजे डेटा उपकरणाकडून यजमानाकडे, म्हणजे आपल्या यंत्राकडे. त्यानंतर लुन, आणि आज्ञेची लांबी दहा. पुढे खुद्द आज्ञा, जिच्यात २०४८ हा पत्ता बिग एंडियन क्रमाने बसला आहे, आणि शेवटी सहा रिकामे बाइट. आपले बाइट याच्याशी एकेक करून जुळवावेत. टॅग वेगळा असला तर हरकत नाही, दुसरे काहीही वेगळे असता कामा नये.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर तोच पेन ड्राइव्ह लिनक्स असलेल्या संगणकाला लावून यूएसबीमॉन आणि वायरशार्क यांच्या साहाय्याने त्या संगणकाने पाठवलेले बाइट टिपून घ्यावेत. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. ज्या आज्ञेवर आपले यंत्र अडते, तीच आज्ञा संगणक कशी पाठवतो हे पाहिल्यावर वाद उरत नाही.

एक गोष्ट या टप्प्यावर विसरू नये. चुकीचे सीबीडब्ल्यू गेल्यावर उपकरण स्टॉलमध्ये अडकते, आणि त्यानंतर पाठवलेले बिनचूक सीबीडब्ल्यूसुद्धा ते घेत नाही. प्रत्येक प्रयोगाआधी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, किंवा ड्रायव्हरने मास स्टोरेज रीसेटची विनंती पाठवून इन आणि आउट या दोन्ही एंडपॉइंटचा (डेटाच्या दोन दिशांच्या वाहिन्यांचा) हॉल्ट काढावा, तोही याच क्रमाने. अन्यथा दुरुस्ती झाली असूनही ती झाली नाही असे वाटत राहते.

सातवी तपासणी: अलाइनमेंट

हार्डफॉल्ट येत असेल तरच ही तपासणी करावी. पॅक्ड सीबीडब्ल्यूमध्ये आज्ञा १५ व्या ऑफसेटवर असते आणि तिच्यातील पत्ता त्यापुढे दोन, म्हणजे १७ वर. त्या पत्त्यावर ३२ बिटांचा पॉइंटर लावून लिहिले, तर कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ हे आर्मचे साधे प्रोसेसर ताबडतोब फॉल्ट देतात, कारण त्यांना अशी विषम ठिकाणची मेमरी एका झटक्यात हाताळता येत नाही. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ साध्या लोड-स्टोअरमध्ये हे चालवून घेतात, पण दोन शब्द एकदम उचलणाऱ्या सूचनेत घेत नाहीत. ऑप्टिमायझेशनने कंपायलरने तशी सूचना निवडली की तिथेही फॉल्ट येतो. चिप बदलल्यावर किंवा ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर कोड मोडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. जीसीसीच्या ९ व्या आवृत्तीपासून पॅक्ड स्ट्रक्चरमधील फील्डचा पत्ता घेतल्यास कंपायलर आपणहून इशारा देतो. तो इशारा दाबून टाकू नये.

आठवी तपासणी: कॅश आणि डीएमए

ही सर्वांत अवघड तपासणी आहे, आणि ती कॉर्टेक्स-एम७ सारख्या डेटा कॅश असलेल्या चिपवरच करायची असते. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून डेटा हलवणारा भाग, मेमरीत थेट लिहितो, प्रोसेसर मात्र कॅशमधील, म्हणजे त्याच्या जवळच्या जलद तात्पुरत्या साठ्यातील, जुनी प्रत वाचतो. ओळखण्याची खूण अशी की सीएसडब्ल्यूमधील टॅग आताच्या आज्ञेचा नसून आधीच्या आज्ञेचा असतो. एखादे सीएसडब्ल्यू वाचायचे राहून गेले असेल तरी हेच दिसते, म्हणून कॅश पूर्ण बंद करून एकदा चालवावे: लक्षण नाहीसे झाले तर दोष कॅशचा, कायम राहिले तर आज्ञा आणि सीएसडब्ल्यू यांच्या क्रमाचा.

एम७ ची कॅशची ओळ ३२ बाइटांची असते. सीएसडब्ल्यूचे १३ बाइट त्या ओळीत दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलच्या शेजारी बसले असतील, तर ती ओळ अवैध ठरवताना शेजारच्या व्हेरिएबलचे अजून मेमरीत न गेलेले मूल्य पुसले जाते, आणि मग स्टोरेजऐवजी तापमानाची नोंद किंवा डिस्प्ले बिघडतो. म्हणून डीएमएच्या प्रत्येक बफरची सुरुवात ३२ च्या पटीत असावी आणि त्याला राखलेली जागाही ३२ च्या पटीत असावी. पाठवण्याआधी क्लीन (कॅशमधील मूल्य मेमरीत उतरवणे), आणि वाचण्याआधी इनव्हॅलिडेट (कॅशमधील प्रत अवैध ठरवणे) करावे. इथे व्हॉलटाइल लावून काम भागत नाही, कारण ते कंपायलरला बांधते, कॅशला नाही.

एनव्हीएमईवर काम करत असल्यास

एनव्हीएमई ही एसएसडीशी बोलण्याची पद्धत आहे; तिथे तपासण्यांचा क्रम तोच ठेवावा, आकडे बदलावेत: सबमिशन नोंद ६४ बाइट, कंप्लीशन नोंद १६ बाइट, आयडेंटिफायचे उत्तर ४०९६ बाइट, आणि सर्व काही लिटल एंडियन. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये या आकारांची कंपाइलच्या वेळची पडताळणी करणारे स्वतंत्र फंक्शनच आहे. तिथे मला दोन दोष वारंवार दिसतात. ब्लॉकची संख्या शून्यापासून मोजली जाते, म्हणजे शून्य म्हणजे एक ब्लॉक. १ लिहिले तर दोन ब्लॉक येतात आणि एका ब्लॉकसाठी राखलेल्या बफरच्या पलीकडची मेमरी पुसली जाते. दुसरे, कंप्लीशनच्या शेवटच्या १६ बिटांच्या शब्दात सर्वांत खालचा बिट फेजचा असतो, स्थिती त्याच्या वर असते. एक बिट सरकवल्याशिवाय वाचलेली स्थिती निरर्थक असते.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

पेन ड्राइव्हवर एखाद्या पॅकहाउसच्या किंवा कारखान्याच्या नोंदींची एकमेव प्रत असेल आणि दोषी ड्रायव्हरने त्यावर एकदाही लेखन केले असेल, तर त्यावर कोणताही प्रयोग करू नये. फॉरमॅट किंवा दुरुस्तीची सूचना संगणकाने दाखवली तरी ती नाकारावी, पेन ड्राइव्ह बाजूला ठेवावा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावा. विभाजनांचा तक्ता पुसला गेला तरी फाइल बहुधा जागेवर असतात; घाईत केलेले लेखन त्या कायमच्या घालवते.

तारेवरचे बाइट बिनचूक आहेत हे सहाव्या तपासणीत सिद्ध झाले आणि तरीही व्यवहार तुटतात, विशेषतः ४८० मेगाबिटच्या हाय-स्पीडवर आणि लांब केबलवर, तर दोष सर्किट बोर्डच्या मांडणीत, टर्मिनेशनमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. जनरेटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होतानाच बिघाड होत असेल, तर जनरेटरवरचा संशय खरा ठरू शकतो. अशा वेळी कोडमध्ये विलंब आणि पुनःप्रयत्न घालत बसू नये. हार्डवेअर डिझाइन करणाऱ्या अभियंत्याला आणि यूएसबी प्रोटोकॉल अ‍ॅनलायझर असलेल्या प्रयोगशाळेला ते काम सोपवावे. तो अ‍ॅनलायझर एका तक्रारीसाठी विकत घेणे लहान उद्योगाला परवडण्यासारखे नसते.

आठही तपासण्या झाल्या आणि फक्त एकाच मॉडेलचा पेन ड्राइव्ह अडत असेल, तर चिप उत्पादकाच्या तांत्रिक साहाय्य विभागाला लिहावे. त्यांना पाठवताना ३१ बाइटांची छापील नोंद, त्या आज्ञेला आलेले सीएसडब्ल्यू, लिनक्स संगणकावर टिपलेली त्याच आज्ञेची नोंद, कंपायलरची आवृत्ती आणि त्याला दिलेली सर्व सेटिंग एकत्र द्यावीत, म्हणजे पहिल्या सहा तपासण्या पुन्हा करायला सांगण्यात त्यांचा आणि आपला आठवडा जात नाही.